देव्हाऱ्यातली कडी

फार जुनी गोष्ट आहे. कुलूप अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दारांना नुसत्या कड्या असत, आणि चोरही असे भिडस्त की लावलेली कडी दिसली की पुढच्या घराकडे वळत.

त्या काळी एका राज्यात, नदीकाठच्या गावात, एका लोहाराचं घर होतं. फाळ, कुऱ्हाडी, तलवारी ही मोठ्या भात्यांची कामं. हे घर बारीक लोखंड घडवायचं. खिळे, बिजागऱ्या आणि मुख्य म्हणजे कड्या. कडी म्हणजे हातभर दाराची वीतभर राखण. लोखंडाची पट्टी, तिचं एक टोक फळीला जखडलेलं, दुसऱ्या टोकाला भोक. ते भोक चौकटीतल्या कोयंड्यावर चढवायचं, कोयंड्यात लाकडाची खिट्टी सरकवायची, की दार बंद. एवढीशी वस्तू, पण ती बसली नाही तर सगळं घर उघडं.

या घराच्या मूळपुरुषाने कधीकाळी कडीचं एक माप ठरवलं होतं. त्या मापाची कडी राज्यातल्या कुठल्याही दाराला चाले. त्याच्या हातची पहिली कडी घरात अजून होती. ती देव्हाऱ्यात, देवांच्या ओळीत बसवलेली होती. तिला रोज तेल लागे, शेंदूर लागे, खंडेनवमीला झेंडूची माळ पडे. आल्यागेल्याला लोहार दुरूनच हात जोडून दाखवी. "आमचं माप तिथे आहे," तो म्हणे, आणि पुन्हा ऐरणीशी येऊन बसे.

या घरात एक सून आली. मुलगी मोजकं बोलणारी. माहेरी तिला घुमी म्हणत. सासरी अजून कुणी काही म्हणत नव्हतं, कारण नावं ठेवायलाही थोडा सहवास लागतो.

घरात माणसं तीन. म्हातारा लोहार, म्हणजे तिचे मामंजी. त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे आत्याबाई. आणि तिचा नवरा. सासूबाई ती येण्याआधीच गेल्या होत्या. देव्हारा आत्याबाईंचा, ऐरण मामंजींची, आणि सुनेच्या वाट्याला चूल आणि भाता.

भाता ओढणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात. धूर आणि सवड. धुराने तिचे डोळे चुरचुरत, पण सवडीने उघडेही राहत. मामंजी कडी कशी करतात ते ती बघे. ऐरणीशेजारी खुंटीला एक कडी टांगलेली असे. मामंजी ती काढत, समोर ठेवत आणि तिच्याबरहुकूम नवी घडवत. मग नवी कडी खुंटीला जाई आणि खुंटीवरची जुनी गिऱ्हाइकाला. पुढच्या वेळी ती नवी कडी समोर.

"आणि केसभर हातचं राखायचं," मामंजी मुलाला शिकवत. "लोखंड निवलं की आखडतं. पोरीचा परकर शिवताना बाया वाढता ठेवतात ना, तसं."

नवरा मान डोलवी. पण त्याचं लक्ष लोखंडावर कमी आणि भात्यावर जास्त असे. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

त्याचे परिणाम गावभर दिसत होते. गुरवाच्या दाराला त्याने दोन्ही बिजागऱ्या उलटसुलट अंगाच्या घडवून दिल्या. दार उघडेना. गुरवाने जोर लावला तेव्हा ते उघडलं नाहीच, सगळंच्या सगळं त्याच्या हातात आलं. कुंभारणीची कडी आतल्याऐवजी बाहेरून लागेल अशी वळवली. तिच्या शेळीने दाराला अंग घासलं, कडी खटकन पडली आणि कुंभारीण दुपारपर्यंत आपल्याच घरात कोंडून राहिली. एकदा तर त्याने टोपलीभर खिळ्यांना दोन्हीकडून टोकं काढली.

मामंजींनी एक खिळा उचलून उन्हात धरला. "याला डोकंच नाही," ते म्हणाले. "पण खिळ्याला काय बोलू? करणाऱ्याचं तरी कुठे जागेवर आहे!"

सगळे हसले. पदराआड सूनही हसली. गावातल्या बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, "अगं, नवी नवरी भात्याशी बसली की लोखंड वाकडंच जायचं."

थट्टा होती तोवर ठीक होतं. पण थट्टेत ज्याचं नाव येतं, संकटात तेच नाव आधी आठवतं. हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

संकट आलं ते राजाच्या कोठारावरून. कोठार गावाबाहेर टेकडीवर होतं, जुनं आणि भक्कम. त्याच्या चौकटी दगडी. त्यातले कोयंडे खुद्द मूळपुरुषाने घडवलेले आणि दगडात शिसं ओतून पक्के केलेले. कोयंडे शाबूत होते, पण दारांच्या कड्या गंजून गळून पडल्या होत्या. सुगी तोंडावर आली होती. धान्याच्या गाड्या यायच्या आत नव्या कड्या हव्या होत्या.

"दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही," कोठावळा म्हणाला. "माप तुमच्या घरचं, कड्या तुमच्याच हातच्या."

लोहाराची छाती रुंदावली. बापलेकांनी कड्या घडवल्या, चकचकीत घासल्या आणि टेकडीवर नेऊन दारांना लावल्या.

एकही बसली नाही. प्रत्येक कडीचं भोक कोयंड्याच्या चार बोटं पलीकडे, दगडावर जाऊन आपटलं.

कोठावळ्याने कडी हातात तोलली. "लोहारदादा, ही दाराची की हत्तीच्या पायातली?"

"कडी बरोबर आहे," लोहार म्हणाला. "दगड सरकला असेल."

बाजूला एक गवंडी भिंतीला टेकून पान खात होता. तो म्हणाला, "दगड सरकला? मग मलाही सांगायचं, मी त्याला टेकून बसलोय."

लोहार कड्या पिशवीत भरून घरी आला. पिशवी त्याने ऐरणीशी टाकली तेव्हा तिचा जो आवाज झाला, तो ऐकूनच सुनेने चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं.

"आबा," नवरा हळूच म्हणाला, "दोरी घेऊन जाऊ का? कोयंड्याचं माप घेऊन येतो."

"दोरी एका दाराचं माप सांगेल," लोहार म्हणाला. "माझं माप कुठे बिघडलं ते नाही सांगणार. ते कळेपर्यंत मी घण उचलणार नाही. आजवर प्रत्येक कडी मी मागच्या कडीशी लावून पाहिलीय. माझ्या बापाने पाहिली. त्याच्या बापाने पाहिली. चूक झाली तरी कुठे?"

उत्तर आत्याबाईंना सुचलं.

"मापात चूक नाही," त्या म्हणाल्या, "हातात चूक नाही. मग घरात नवीन काय आलंय, ते बघ ना."

दूध उतरवून पाण्याला गेलेली सून तेव्हा कळशी घेऊन उंबऱ्याशी पोचली होती. तिने कळशी खाली ठेवली नाही आणि पुढेही आली नाही.

"आत्या, तिचा काय संबंध?" नवरा म्हणाला.

"तुझ्या त्या बिनडोक्याच्या खिळ्यांना विचार. ही यायच्या आधी करत होतास का असलं? मी काही तिला वाईट म्हणत नाही. पण एकेकाचं पाऊल असतं. सुगी होईपर्यंत माहेरी राहू दे तिला."

अशी माहेरी धाडलेली मुलगी सुगी झाल्यावर परत येते की नाही, हे त्या काळीही सगळ्यांना माहीत होतं. सुनेने मामंजींकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या घरात गप्प राहण्याचा अर्थ एकच होत असे.

ती दुपारचा स्वयंपाक करायला बसली. काठवटीत पीठ मळताना तिच्या डोळ्यांपुढे ती खुंटी येत होती. नवी कडी खुंटीवर, जुनी गिऱ्हाइकाला. नवी खुंटीवर, जुनी गिऱ्हाइकाला. गावातल्या दारांना हे कधी का कळलं नाही? कारण गावातल्या चौकटी लाकडाच्या. तिथे मामंजी आधी कडी लावायचे आणि ती पोचेल तिथे कोयंडा ठोकायचे. कडी बसली नाही असं व्हायचंच नाही. चूक दाखवून द्यायला दगडच लागला.

पण हे सांगणार कोण? ज्या सुनेचं पाऊल वाईट ठरलंय, तिने सासऱ्याच्या मापाला वाईट म्हणायचं? तिने थोडा विचार केला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

लोहार जेवायला बसला. तिने दुरडीतली सगळ्यात वरची भाकरी त्याच्या ताटात वाढली. भाकरी ताटात मावेना. तिच्या कडा चहूबाजूंनी पाटावर लोंबू लागल्या.

लोहाराने ती दोन्ही हातांनी उचलली. तिच्याआड त्याचं तोंड दिसेनासं झालं.

"सूनबाई," भाकरीमागून आवाज आला, "ही भाकरी आहे की घोंगडी?"

"मागच्या भाकरीच्या मापाचीच केलीय, मामंजी."

"मागची केवढी होती?"

तिने मागची दाखवली. तीही मोठी होती, पण किंचित कमी. तिच्याखालची त्याहून किंचित कमी. अशा एकेक भाकऱ्या ती काढत गेली. दुरडीच्या तळाशी पहिली भाकरी होती. नेहमीची, तव्याएवढी.

"प्रत्येक भाकरी मागचीला लावून पाहिली," ती म्हणाली. "फक्त केसभर हातचं राखलं. भाजली की आखडते ना."

नवरा हसायला लागला आणि बापाचं तोंड बघून थांबला. लोहाराने भाकरी खाली ठेवली. तो तसाच उठला, ऐरणीशी गेला आणि खुंटीवरची कडी हातात घेतली.

"म्हणजे चूक कुणाची?" त्याने तिथूनच विचारलं.

"एकट्या कुणाची नाही, मामंजी. प्रत्येक भाकरी मागचीसारखीच होती."

लोहार आत आला. त्याने अंघोळ केली, सोवळं नेसलं, देव्हाऱ्यापुढे हात जोडले. मूळ माप घ्यायचं त्याने ठरवलं होतं, पण कडीला हात लावायचं धाडस होईना. आत्याबाई शेजारी उभ्याच होत्या.

"शिवू नकोस हं तिला! इतक्या वर्षांत कुणी शिवलेलं नाही."

शेवटी त्याने दोरा लांबूनच धरला, एक डोळा मिटला आणि देवाचं माप घेतलं. भोक पाहिलं तर अगदी बारीक, करंगळीही न जाणारं. लोहाराने विचार केला, पूर्वजांनी एवढं बारीक ठेवलं, त्यात काहीतरी शहाणपण असणारच. त्याने त्या मापाने एक कडी घडवली आणि टेकडीवर नेली.

ही कडी कोयंड्याच्या बोटभरच पुढे गेली. आणि भोक कोयंड्यावर नेलं असतं तरी काय, कोयंडा त्यात शिरलाच नसता.

"प्रगती आहे," कोठावळा म्हणाला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "लोहारदादा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण उद्या गाड्या येतायत. उद्या कड्या नसल्या तर मला पलीकडच्या गावचा लोहार बोलवावा लागेल. मग राज्याचं माप त्याच्या घरचं."

लोहार घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. "देवालासुद्धा कामाला लावलंस," त्या म्हणाल्या. "आता तरी ऐक. सकाळी गाडी जुंप."

सकाळ झाली. सुनेने आपलं बोचकं बांधलं. फार काही नव्हतंच त्यात. नवऱ्याने बैल जुंपले, मग एक बैल सोडला, पुन्हा जुंपला, आणि उगीच जोताची दोरी तपासत राहिला.

आत्याबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. निघण्याआधी देवांना नमस्कार करावा म्हणून सून देव्हाऱ्यापुढे वाकली. पुढे सरलेल्या पदराचं टोक कडीला अडकलं. तिने ते सोडवायला बोट घातलं, नखाखाली काहीतरी सरकलं, आणि शेंदराचा एक जाड पापुद्रा टपकन पाटावर पडला.

ती घाबरली. मग तिने तो पापुद्रा उचलून पाहिला. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा नव्हता, भाकरीएवढाच जाड होता. आत थरावर थर. रोजचा एक थर, केसभर.

केसभर, तिच्या मनात आलं. इथेही केसभरच.

तिने कडी उचलली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं नव्हतं ते तिने केलं, आणि आभाळ कोसळलं नाही. ती कडी दोन्ही हातांत धरून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या लोहारापुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजी, मी जातेय. पण त्याआधी एकच सांगते. तुम्ही काल कडीचं माप घेतलं नाहीत. शेंदराचं घेतलंत."

आत्याबाई धावत आल्या. "अगं, काय केलंस हे! देव हातात घेतलास?"

लोहार वळला. त्याने सुनेकडे पाहिलं, मग पापुद्र्याकडे. आणि तो उठला. "अक्का, थांब," तो म्हणाला. "सूनबाई, चिंच आण. राख आण. नारळाचा काथ्या आण."

अंगणात बसून ती कडी घासू लागली. शेंदराचं लाल पाणी वाहत गेलं. थर सुटत गेले, एकामागे एक, आणि कडी लहान लहान होत गेली. अरुंद वाटणारं भोक उघडत गेलं. त्यातून शेवटी शेंदराची एक गोळी बाहेर पडली आणि त्यातून आरपार अंगण दिसलं. आतलं लोखंड निघालं ते कालच घडवल्यासारखं, काळंभोर, कुठे गंजाचा डाग नाही.

आणि एका बाजूला एक खळगा होता. गुळगुळीत, उथळ, अंगठ्याएवढा.

लोहाराने कडी हातात घेतली. त्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला.

"हा खळगा घडवलेला नाही," तो म्हणाला. "हा झिजलेला आहे. मूळपुरुषाने ही देव्हाऱ्यात ठेवलीच नव्हती. तो हिला रोज हातात धरत होता. प्रत्येक कडीच्या वेळी."

आत्याबाई खाली बसल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं... माझ्याच हातांनी..."

"नाही अक्का," लोहार म्हणाला. "तुझ्या तेलाने ती गंजली नाही. खुंटीला टांगली असती तर केव्हाच गंजाने खाल्ली असती. तू ती राखलीस. मी तिला विचारलंच नाही."

मग भट्टी पेटली. गाडीचे बैल सोडले. सून बोचक्यासकट भात्याशी बसली, कारण बोचकं आत नेऊन ठेवायलाही सवड नव्हती. लोहार घडवत होता, मूळ कडीशी लावून बघत होता, पुन्हा घडवत होता. त्या दिवशी नवऱ्याने एकदाही भात्याकडे पाहिलं नाही, आणि सुनेला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

गाड्या टेकडी चढत होत्या तेव्हा लोहाराने पहिली कडी कोठाराच्या दाराला लावली. कोठावळा श्वास धरून उभा. गवंडी भिंतीला टेकून. लोहाराने कडी उचलली आणि कोयंड्यावर सोडली.

खट.

तिला बसवावं लागलं नाही. ती आपली जागा ओळखून बसली.

"दगड परत जागेवर आला वाटतं," गवंडी म्हणाला. लोहार इतका हसला की त्याला दाराला धरून उभं राहावं लागलं.

त्यानंतर त्या घरात मूळ कडी देव्हाऱ्यात राहिली नाही. ऐरणीशेजारची ती खुंटी आता तिची. प्रत्येक नवी कडी घडताना ती खाली उतरे, हातातून फिरे आणि परत वर जाई. खंडेनवमीला तिची पूजा तेवढीच थाटात होई. फक्त पूजेआधी ती घासली जाई आणि पूजेनंतर पुसली जाई.

पहिल्या खंडेनवमीला आत्याबाईंनी तेलाची वाटी सुनेच्या हातात दिली. "आजपासून तेल तू लावायचंस," त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबून म्हणाल्या, "आणि पुसायचंसही तूच. माझ्याच्याने पुसवत नाही गं."

सुनेला माहेरी पाठवायचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. नवऱ्याच्या हातून मात्र अधूनमधून एखादा खिळा बिनडोक्याचा निघतच राहिला. मामंजी तो उन्हात धरत, भात्याकडे पाहत आणि काही न बोलता टोपलीत टाकत.

म्हणून थोरामोठ्यांनी आणि पोराटोरांनी एवढं लक्षात ठेवावं: मुळाला नुसतं पुजून भागत नाही, ते रोज हातात घेऊन आपलं काम त्याच्याशी ताडून पाहावं लागतं.